लाकडात असतानाच

आप्पा पॅटर्नमेकर. उद्यमनगरातल्या एका गाळ्यात
सागवानाचा भुसा अंगावर घेत चाळीस वर्षं उभे.
कोअर बसायची खाच अर्ध्या सुताने हुकली
तर लाकडाशीच भांडायचे,
पटाशी फिरवायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवून बघायचं.
जेवण गार झालं म्हणून आई चिडली की म्हणायचे,
"लाकडात घावली तर ती चूक गं.
लोखंडात घावली की भंगार."

मी लाकडाला हात लावला नाही.
मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत
भट्टीचा प्रोग्रॅम लिहिते.
आठ जागांची उष्णता, आठ घरांचा अ‍ॅरे,
गाळ्याला गाळा लागून असावा तसा एका ओळीत;
आणि आठव्याच्या भिंतीपलीकडे
पाण्याच्या पंपाने किती सेकंद थांबायचं, तो आकडा.

दिवाळीनंतर चौगुल्यांनी नववा सेन्सर बसवला.
वायरमनने फोनवर सांगितलं, मी "बरं" म्हटलं
आणि वाचायची फेरी नऊपर्यंत वाढवली.
घरं आठच राहिली.
भाषा जुनी, सोशिक. एका शब्दाने बोलली नाही.
कोण आलं, कितीजण आले, तिने मोजलं नाही,
पुढचं दार उघडून दिलं, ते कुणाचं का असेना.

तीन आठवडे नवव्याची वायर नुसती लोंबत होती.
तो शून्य पाठवायचा.
शेजाऱ्याच्या घरात कुणी शून्य ठेवून गेलं
तर तक्रार कोण करणार?

मग वायर जोडली.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. चौदाशे बारा अंश
भिंत ओलांडून गेले
आणि पलीकडे चौदाशे बारा सेकंद झाले.

इलाही मुजावरने उचललेला चहा तसाच खाली ठेवला.
स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
त्याने स्क्रीनकडे बघितलंच नाही.
एक घरघर कमी झाली होती एवढंच त्याला कळलं,
आणि त्याने मेन पाडला.
मग मला फोन: "ताई, पाणी थांबलंया.
तुमच्या पोग्रॅमला इचारा जरा,
पंपाला सुट्टी कुणी दिली?"

आठाचे नऊ करून मी परत झोपू शकले असते.
झोप आली नाही.
चार दिवस बसून भाषा बदलली, सगळं नव्याने लिहिलं.
आता किती घरं हे कोपऱ्यातल्या टिपेत नाही,
अ‍ॅरेच्या नावातच आहे, आडनावासारखं.
आठवाला एक, नऊवाला दुसरा,
एकाच्या जागी दुसरा उभाच राहत नाही.

आणि मग मुद्दाम चुकले.
आठाच्या हातात नऊ दिले.
दोनशे बाराव्या ओळीखाली लाल रेघ:
घेणार आठ, देतेस नऊ, पुढे जाता येणार नाही.
भट्टी गार होती. इलाही घरी झोपला होता.
लोखंड भंगाराच्या ढिगातच होतं, अजून कशाचंही झालं नव्हतं.
त्या लाल रेघेकडे बघत मी डबा खाल्ला.

रात्री आप्पांना सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच.
त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.
"नऊच्या जागी नऊच बसले, बरं.
पण तिसऱ्याच्या खुर्चीत सातवा बसला तर?"

मी गप्प.

मग म्हणाले, "ती फळी बघ."
स्वयंपाकघरातली. मी सातवीत असताना केलेली,
बरोब्बर तीन फूट, स्वतः मोजून.
फक्त मोजली कारखान्यातल्या आटीच्या पट्टीने,
ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं म्हणून
जिचा प्रत्येक फूट एका सुताने मोठा असतो.
आकडा खरा होता. फळी तीन सूत लांब निघाली.
रंधा गाळ्यात राहिला होता आणि आई वाट बघत होती,
म्हणून त्यांनी भिंत खरवडली.

अजून तिचं डावं टोक
गिलाव्यात रुतलेलं आहे.
त्यावर तिखटाची बरणी.