घडीवरचं गाव

नकाशा चौपदरी दुमडला की
पहिली घडी बरोबर नागपुरावर येते.
दोन वर्षं दप्तरातून नेते-आणते आहे;
तिथला कागद पिसासारखा झालाय,
उजेडाला धरला तर गावाच्या जागी
टाचणीएवढं भोक.

रंग भरणं माझं काम.
हिरवा हायड्रोजन आज जिथं निघतो तिथं ठिपके,
पुढं जिथं निघेल तिथं वर्तुळं.
ठिपके मोहरीएवढे,
वर्तुळं परातीएवढी:
कच्छचं समुद्रात सांडतं,
तुतिकोरिनचं श्रीलंकेला टेकतं,
लडाखचं तीनदा खोडलं,
खालची गावंच दिसेनात.
बोरकुटे सर म्हणाले,
"भविष्य आहे मॅडम, मोठंच काढायचं."

विदर्भावर तिरप्या रेघा.
सूचीत त्यांचा अर्थ: माहिती उपलब्ध नाही.
जेवणाच्या सुट्टीत शून्य मैलाच्या दगडापाशी बसते.
चार घोडे, एकही पळत नाही.

रविवारी कोराडीला गेले.
बाबा एकतीस वर्षं राखेच्या खात्यात होते.
त्यांचा सदरा आई वेगळ्या बादलीत धुवायची,
तरी दोरीवर आमचे फ्रॉक करडेच वाळायचे.
नकाशा खाटेवर पसरला.
"कोणता रंग असते याचा?"
"रंग नसतो, बाबा. वासही नसतो."
"मंग हिरवा काहून?"
"उन्हाच्या, वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडलं तर हिरवा.
तुमच्या कोळशाच्या विजेनं फोडलं तर नाही."
बाबा चष्मा पुसत राहिले.
"म्हणजे त्यालेही
बापाचा दाखला लागते."

एकशेबारा पानांच्या अहवालात
एवढं नेमकं वाक्य नाही.

आई तांदूळ निवडत होती.
"पाणी किती लागते?"
"किलोला नऊ लिटर. निव्वळ.
गाळण्या-धुण्याचं वेगळं."
तिनं मनात गुंड मोजले असणार,
तिचे ओठ हलले.
"हे मे महिन्यातलं सांगतेस
का श्रावणातलं?"
माझ्या तक्त्यात महिन्याचा रकाना नव्हता.

मी सांगू लागले,
शहरानं वापरून टाकलेलं पाणी, ते शुद्ध करून...
"तेच तर येते आमच्या बॉयलरले,"
बाबा म्हणाले, जसं काही
सगळं नागपूर सकाळी तोंड धुतं
ते त्यांच्याच कामासाठी.
"आन् जळला का मंग काय होते?"
"पुन्हा पाणी."
"पाण्याचं पाणी?"
"हो."
"राख?"
"नाही."
"थोडीशी?"
"नाहीच, बाबा."

ते दारातून चिमणीकडे पाहत बसले.
राखेचा तलाव इथून दिसत नाही,
त्याच्या कडेचं बाभळीचं झाड दिसतं.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"रात्रपाळीले माणसं तरी असतात का?"
"असतात. चार-पाच. पडद्यासमोर."
"चहा?"
अख्ख्या देशाचे आकडे माझ्याजवळ होते,
तुतिकोरिनच्या वाऱ्याचे, कच्छच्या उन्हाचे.
चहाचं मी कुणाला विचारलंच नव्हतं.

निघताना आईला ते भोक दिसलं.
"असा फाटका नेतेस हापिसात?"
तिनं भाताच्या शितानं
कालनिर्णयाचा एक तुकडा मागून चिकटवला,
बोटानं दाबून, पदरानं पुसून.

सोमवारी सरांनी नकाशा खिडकीशी धरला.
नागपूरच्या जागी आता सतरा तारीख,
तांबड्या शाईतली, उलटी.
"हे काय? कोणतं साल?"

"साल फाटलं, सर," मी म्हटलं,
"तारीख तेवढी उरली."