एकटीचं कलिंगड

विठ्ठलवाडीच्या वळणावर, टेम्पोच्या सावलीत
दस्तगीर कलिंगडं मांडून बसतो.
मी वाकून टकटक करते, तर हसतो,
"दार नाही उघडणार, ताई. पोट बघा त्याचं."

उलटं करून दाखवतो.
रानात ज्या कुशीवर झोपलं होतं
तिथे पिवळा डाग, साजूक तुपासारखा.
पांढरा असेल तर अर्ध्या झोपेत उचललेलं.
देठ वाळलेलं हवं,
आणि दिसतं त्याहून हाताला जड.

पलीकडच्या गाडीवर फोडी तयार,
झाकणाच्या डब्यात, वर इवलासा काटा.
माझ्यासारखीला सोयीचं तेच.
पण मी गेल्यावरही तो डबा
कुठेतरी उरुळीच्या ढिगात तसाच असणार,
हे काही पटेना.

चार किलो दोनशे.
कापडी पिशवीचा बंद खांद्यात रुतलेला.
बसमध्ये मांडीवर घेतलं तर
शेजारच्या बाईने सरकून जागा दिली,
बाळ असल्यासारखी.

नळाखाली चोळून धुतलं, पुसलं.
सुरीचं टोक लागलं मात्र,
पुढचं ते आपलं आपणच तडकत गेलं.

डॉक्टर मोडक म्हणाले होते, "एक वाटी. रस नको, फोडी खा."
कुठली वाटी, ते नव्हते म्हणाले.
मी आधी आमटीची काढली,
मग लाजून लहान.

संपली.
ओट्यावर उरलेलं कलिंगड माझ्याकडे बघतंय.

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलांना
दोन वर्षं मी फक्त चपलांवरून ओळखते.
टकटक केलं.
कानामागे पेन अडकवलेला एकजण,
डोळे परीक्षेचे.
ताट बघून आतल्यांना ओरडला,
"ए, पुस्तकं उचला!"

रात्री ताट परत आलं, घासून,
वर कागदात धुतलेल्या बिया.
"वाळवून भाजा, काकू. आमच्या औशाला टाकत नाहीत."
पांढऱ्या गराची मी भाजी केली, मोहरी-मिरची घालून.
दुधीची धाकटी बहीण म्हणावी अशी.

सकाळी कौतिकाबाईंनी ओल्याचा डबा उचलला,
हिरव्या सालींच्या दोन मुठी.
वास घेतला. माझ्याकडे बघितलं.
"कलिंगड आणलं होतं व्हय?"
आणि जिना उतरता उतरता,
"रोज मीच येते की दारात."

रविवारी सहा किलोचं बघते.