बोटीला दार

आमचं घर पूर्वी ओढायच्या कामाला होतं.
म्हणजे बोट. लष्करातली. टग म्हणतात तिला.
मोठमोठ्या जहाजांच्या नाकाला दोर बांधून
त्यांना धक्क्यापासनं खोल पाण्यात नेऊन सोडायची,
आणि स्वतः परत यायची, चहाला.

ह्यांनी ती लिलावात घेतली, भंगाराच्या भावानं,
मला न विचारता.
तीन तुकडे करून गगनबावड्याच्या घाटातनं आणली
दस्तगीरच्या ट्रेलरवर, अमावास्या टाळून.
एका वळणावर नाक कड्याला घासलं.
तो ओरखडा अजून आहे. कधी या, दाखवीन.

चिखलीच्या रानात, उसाच्या कडेला,
उद्यमनगरच्या पोरांनी ती पुन्हा सांधली.
आठ रात्री निळा उजेड.
लांबच्यांना वाटलं, आमच्यात लग्न आहे.
अक्काताई चौगले विचारून गेली,
"पंचगंगेत सोडणार व्हय?"
हे म्हणाले, "नाही. राहणार."

नांगरही आलाय म्हटल्यावर सासरे बघायला आले,
बैल कुठं जुंपायचे ते शोधत बसले.
आता त्याच्या एका फाळाला म्हशीचं दावं असतं.

इंजिनाच्या खोलीत चूल मांडली.
डिझेलचा वास सहा महिने फोडणीला वर येऊ देईना.
शेवटी सुकटीनं त्याला गप्प केलं.
समुद्राला समुद्रच लागतो.

पलंगाजवळ पत्र्यावर कुणीतरी
खिळ्यानं रेघा ओढल्यात. एकशे बारा.
खाली एक शब्द, लिपी आम्हाला येत नाही.
रंग देताना तेवढी वीतभर जागा मी सोडली.
म्हटलं, आईचं नाव असेल.
हे म्हणाले, शिवी पण असेल.
आम्ही दोघं त्याच्याखाली झोपतो.

माझे गुडघे गेले, शिडी जड झाली,
तेव्हा इलाही मुजावरांना बोलावून ह्यांनी
बोटीच्या कुशीत दार कापलं. साडेपाच फुटी.
पत्रा सुटून पडला तेव्हा घंटेसारखा वाजला.
इलाहीभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"वहिनी, बोटीला दार नसतंय ओ."
म्हटलं, "बाईला लागतंय."

मग ते साल आलं.
राजाराम बंधाऱ्याचा आकडा फुटाफुटानं चढत गेला,
गाव सोनतळीच्या माळाला निघालं,
आणि जाताना प्रत्येकानं आमच्याकडं वळून बघितलं.
पहिल्यांदा कुणी हसलं नाही.
अक्काताई तर तिची ट्रंक ठेवून गेली,
"तुमचं तरंगंल. असू दे."
म्हैस दिरांच्या ट्रॅक्टरमागनं गेली.
हे टोपी घालून वर सुकाणूपाशी उभे राहिले.

पाणी उसातनं आलं, आवाज न करता.
पायरीला लागलं. जरा थांबलं.
आणि दारातनं आत आलं,
पाव्हण्यासारखं, चपला न काढता.

बोट जागची हलली नाही.
नाही म्हणजे, एकदा, पहाटे,
मला वाटलं, पलंग बोटभर वर गेला.
मी ह्यांना विचारलं नाही.
ह्यांनीही काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी जवान आले रबरी होडीतनं.
त्यातल्या एकानं पत्र्यावर थाप मारली,
पुसट झालेला नंबर वाचला
आणि सलाम ठोकला. बोटीला. आम्हाला नव्हे.
मग आमच्या पिंपाच्या तराफ्याला दोर बांधून
आम्हाला ओढत नेलं, ट्रंकेसकट.

पाणी उतरल्यावर हे तोच कापलेला पत्रा
खुराड्यावरनं काढून पुसत बसले.
"पुन्हा लावून टाकू. पुढच्या वेळी तरंगेल."
म्हटलं, "ठेवा तो कोंबड्यांवरच."

गाळ काढायला अकरा दिवस लागले.
घमेल्यानं, त्याच दारातनं.
शिडीवरनं निघाला नसता.