ओल

तीन रात्री यल्लू कान ओढत होता.
मी लसणाचं तेल कोमट केलं,
गंगव्वानं मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

खानापूरच्या दवाखान्यात हिरेमठबाईंनी
कानात बारका उजेड सोडला.
"किवी केंपागिदे,"
मग माझ्या तोंडाकडं बघून, मराठीत:
"लाल झालाय. पडद्यामागं पाणी साठलंय.
सर्दीच उतरलीय तिथं. तेल नको हं."

पाणी. एवढंसं.
कच्च्या कौलात ओल राहिली तर
भट्टीत ते तडकतं,
हे मला कुणी सांगावं लागत नाही.

सोमवारी हाक मारली, वळला नाही,
दुसऱ्यांदाही नाही,
म्हणून कानाखाली एक दिली होती.

परतीच्या बसमध्ये
त्याच बाजूला पदर धरून बसले,
खिडकी बंद असूनसुद्धा.