एकाहत्तर नंबर

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला
तिकडे गुरुवारची संध्याकाळ असते
आणि हंगामातला पहिला सामना.
सावद्यात, पतसंस्थेच्या वरच्या खोलीत,
मी इन्व्हर्टरचा दिवा बघते. हिरवा.
हेडफोन चढवते.

काम सोपं आहे.
चाल संपली की थांबवायचं, मागे न्यायचं,
बावीसजणांना बावीस आकडे द्यायचे,
उणे दोन ते अधिक दोन.
बहुतेकांना शून्य.
शून्य म्हणजे करायचं होतं तेवढं केलं.
पुण्याची मॅडम शिकवताना म्हणाली होती,
शून्याला घाबरू नकोस, पगार त्याचाच मिळतो.

चौथ्या मिनिटाला सतरा नंबरनं
अर्ध्या मैदानावरून फेकला चेंडू.
ऐंशी नंबरनं तो एका हातानं उतरवला,
शिंक्यातलं गाडगं उतरवावं इतक्या जपून,
पायाचे चवडे रेषेच्या आत, जेमतेम बोटभर.
सत्तर हजार माणसं उभी.
अधिक दोन. अधिक दोन.
हे आकडे टाकताना हात आपोआप चालतो.

खाली दिल्लीची गाडी भरत होती.
सायबू तडवी चहाचा ग्लास घेऊन वर आला.
डोक्यावरची चुंबळ आता खांद्यावर,
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
किती जुने ते त्यालाही माहीत नाही.
चौकटीला टेकून बघत राहिला.
मग म्हणाला, "हा कोन हाये? एकाहत्तरवाला?"

मी म्हटलं, तो काही नाही.
तो फक्त आडवा उभा राहतो.
फेकलेला चेंडू झेलायची त्याला मुभाच नसते.

"मागं ने बरं."

मागे नेलं.
सतरा नंबरचा हात उठण्याआधीची साडेतीन सेकंदं.
एकाहत्तर मागे सरकतोय, बैठक खाली,
तळवे उघडे, जणू कुणाला थांब म्हणतोय.
समोरून सव्वाशे किलोचा गडी सुटलेला,
आणि हा त्याला मारत नाही, धरत नाही,
वळवत नेतो, वळवत नेतो,
बांधावरून पाणी दुसऱ्या वाफ्यात काढावं तसा,
आणि तो गडी सतरा नंबरच्या मागून
रिकाम्या हवेत पळून जातो.

"पाय पाह्य त्याचे," सायबू म्हणाला.
"टाच उचलतच नही.
ओझं घेतलेला मानूस हाये.
घड आदळला का दबतो,
दबला का दिल्लीत काळा निघतो,
अन् शिवी इथं येते."

खालून हाक आली. तो ग्लास ठेवून गेला.

मी शाळेत खो-खोत पाचव्या पाटीवर बसायचे.
फैजपूरला जिंकलो तेव्हा पेपरात
शेवटचा गडी मारणारीचं नाव आलं.
खो मी दिला होता.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही,
सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात मी त्यालाच बघत बसले.
चेंडू कुठे गेला ते नंतर शोधावं लागायचं.
बावन्न वेळा शून्य.
त्याच्या जर्सीवर गवत, मग माती, मग रक्त, बहुधा त्याचंच.
समालोचकांनी त्याचं नाव एकदाच घेतलं:
पिवळा रुमाल पडला, त्यानं कुणाला तरी धरलं होतं,
दहा यार्ड मागे.
उणे एक.
जे झालं ते नोंदवायचं, माझा त्यात काही इलाज नव्हता.

सव्वानऊला संपलं.
ऐंशी नंबरच्या तोंडापुढे चार माईक.
त्याच्यामागे, धूसर, एक रुंद पाठ
बाकावर बसून बोटांच्या पट्ट्या सोडत होती,
दातांनी.
कॅमेरा हलला.

मी फाइल पाठवली आणि खाली उतरले.
गाडीवर ताडपत्री चढली होती.
सायबूनं दोर आवळता आवळता विचारलं,
"पुढच्या शुक्रवारी येईन का तो?"
नाही, दुसरे संघ असतात.
त्यानं गाठ मारली, हातानं ओढून बघितली.
"त्याच्यातबी असनच ना कोनी," म्हणाला,
आणि गाडीच्या मागे जाऊन
ड्रायव्हरला दिसणार नाही अशा जागी उभा राहून
ओरडू लागला,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.