पाठकोरी

आठ दिवस झाले, प्रिंटर बोलत नाही.
निळा दिवा लुकलुकतो, थांबतो, परत लुकलुकतो,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यानं
दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचावी तसा.

लाइट गेली आणि आली ती अंगावरच आली.
काझींचा पंखा जळाला, आमचा राउटर जळाला.
कंपनीचा पोरगा नवा लावून गेला,
नवं नाव, नवा पासवर्ड
कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून.
फोन जुळला. कॉम्प्युटर जुळला.
टीव्ही तर असा रुळला, जसा इथंच जन्मला.
हा तेवढा अडून बसलाय,
झाकणावर मोंढ्यातली हळद घेऊन.
वसमतला सगळ्यावरच बसते ती, पुसलं तरी.

इंदूबाई खिल्लारे रोज पायरीवर येऊन बसतात.
बँकेत इंदुमती, आधारवर विंदाबाई,
शाळेच्या दाखल्यावर नुसतंच इंदी.
"वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून"
हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतील.
त्या येतात, मी प्रिंट दाबते,
कागद येत नाही.
"उद्या या," म्हणते.
त्या "बरं" म्हणतात, अन् अर्धा तास बसूनच राहतात.

शेवटी चाकणला व्यंकटला व्हिडिओ लावला.
"मामी, खालचा बाण. अजून खाली. अजून.
आता जुनं नेटवर्क विसर म्हणा त्याला.
विसरल्याबिगर नवं घेत नाही ते."
दोन बोटांएवढ्या पडद्यावर प्रश्न आला:
नक्की?

माझं बोट तिथंच राहिलं.

ताटात तांदूळ पसरले होते.
यांनी अंगठीनं अक्षरं काढली: मनीषा.
नणंदेनं निवडलं होतं, तिच्या मैत्रिणीचं.
मी वाकून वाचलं,
दुसऱ्याच्या पत्रिकेवरचं वाचावं तसं.
टाळ्या झाल्या, पेढे झाले,
नक्की का, असं कुणी विचारलं नाही.
पहिलं वर्षभर हाक आली की उशिरा वळायचे.
सासूबाई शेजारी सांगायच्या,
सून चांगलीय, कानानं जरा कमीय.
त्या तांदळाचं काय झालं कुणास ठाऊक.
डब्यात गेले असतील परत,
दुसऱ्या दिवशी शिजवून
सगळ्यांबरोबर मीही खाल्ले असतील.

"मामी? दाबलं का?"
"व्यंकट, त्या राउटरचंच नाव बदलता येतं का रे?
नव्याला जुनं नाव दिलं तर?
पासवर्डही जुनाच?"
तो गप्प झाला. मग म्हणाला,
"येतं की. पण एका प्रिंटरसाठी
अख्ख्या घराला पुन्हा जोडावं लागंल."
"लागू दे," म्हणलं. "सांग कसं ते."

जुनं नाव काही लाडाचं नव्हतं.
कंपनीचं नाव, आडवी रेघ, चार आकडे.
पण त्याला तेवढंच घर माहीत.
एकेक अक्षर घातलं, तपासलं, सेव्ह केलं,
आणि व्यंकटचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला.
आत टीव्ही बंद पडला.
"ए, काय करायलीस गं?" यांचा आवाज.
मी ओ दिली नाही.

निळा दिवा लुकलुकला.
लुकलुकला.
मग लुकलुकायचा थांबला, आणि तसाच राहिला.

आत काहीतरी खोकललं, दात खाल्ले,
आणि कागद यायला लागले,
आठ दिवसांचे, एकामागून एक, गरम,
सगळे सारखे:
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची.
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची.
इंदूबाई उठून उभ्या राहिल्या,
गठ्ठा बघितला, माझ्याकडं बघितलं.
"एवढे कामून गं बाई?
मी तर एकलीच हाय."

साडेपाचला तहसील बंद होतं.
एकावर अंगठा घेतला, पाच रुपये घेतले.
बाकीची आठ ठेवली टेबलाच्या खणात,
पाठकोरी. हिशोबाला होतील.