गड्ड्याच्या आधी

तीन तबकड्या यायच्यात गड्ड्याच्या आधी.
पहिली 'दुपारपाळी'ची: मोहसीन नदाफचा गळा,
लावण्या चिलवेरीचे ड्रम, आणखी दोघे
ज्यांच्या घरी अजून माहीत नाही.
दुसरी एकट्या शिवलिंग म्हेत्रेची,
चार भाषांत चार गाणी. कानडीतलं सगळ्यांत छोटं,
कारण त्याला तेवढंच येतं.
तिसरीचं नाव ठरत नाहीये.
तिसरी माझी.

नमुन्याची प्रत मे महिन्यात आली.
ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, "तुमचं ताट आलंय."
पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडून, चव्वेचाळीस अंशात.
उघडली तर कडेला पापडासारखी लाट.
सुई चढायची, उतरायची,
माझा आवाज खड्ड्यातून रिक्षात चालल्यासारखा.
तेव्हा ठरलं,
उन्हाळ्यात सोलापुरात गोल काही मागवायचं नाही.

रेकॉर्डिंग साखर पेठेतल्या शेडमध्ये, रात्री अकरानंतर.
चार माग भंगारात गेले, तिथं आमच्या चटया.
शेजारचे चालूच.
खटक् खट्, खटक् खट्.
भिंतीला चादरी ठोकल्या
(चादरींचा तुटवडा नव्हता)
तरी यायचं ते आलंच.
पुण्याच्या मास्टरिंगवाल्यानं कळवलं,
मागं काहीतरी सारखं वाजतंय, काढू का?
लावण्या, जी सगळ्यांकडेच वाजवते, म्हणाली,
काढ, आणि मग ताल तूच धर.

तीनशे प्रती. आगाऊ पैसे एक्केचाळीस जणांचे.
त्यातल्या नवांकडे प्लेअर नाही.
एकानं विचारलं, भिंतीला टांगली तर चालेल का?
चालेल.

कव्हरला पैसे उरले नाहीत.
मग वडिलांच्या पलंगाखालची जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं काढली,
भोकाभोकांची, दोऱ्यात ओवलेली,
कापून, शिवून चौकोनी केली.
एकासारखं दुसरं नाही.

काल पहिली चांगली प्रत त्यांच्यापुढं ठेवली.
एकोणचाळीस वर्षं मागावर. कानाचं यंत्र खिशात.
लावली. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवला
थोडा वेळ,
मग काढून घेतला, लुंगीला पुसला.
बोलले नाहीत काही.

मग कव्हर उचललं.
अंगठा भोकांवरून नेला डावीकडून उजवीकडं,
ओळ संपली की खालची ओळ.
मधेच थांबून मागं गेले.
"नेमलि," म्हणाले. मोर.
"हे शेपूट. पंचिंग माझंच.
पण डोकं कुठंय याचं?"

असेल तीनशेतल्या कुठल्यातरी कव्हरावर, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
धागा तुटला की मागाकडं पाहायचे तसं.
"विकायच्या आधी सगळी मांड एकदा."

अंगण नाही आमच्याकडं.
गच्चीवर मांडू,
ऊन उतरल्यावर,
तबकड्या आत न घालता.